माणसी पाच किलो

शेगाव तालुक्यातल्या गावांत रेशनच्या दुकानाला लोक अजून ‘कंट्रोल’च म्हणतात. महिन्यातून एकदा जायचे, ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा, पावती निघाली की माणसी पाच किलो धान्य पिशवीत घ्यायचे. पिवळे अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो, मग घरात एकटी म्हातारी असो की आठ माणसे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफतच राहील, असे केंद्राने ठरवले आहे.

पाच किलो हा आकडा २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातला. दिसायला साधा आहे, पण त्याचा गुणाकार करून पाहावा. देशात या कायद्याखाली ८१ कोटी ३५ लाख माणसे धरली आहेत. प्रत्येकी पाच किलो म्हणजे महिन्याला ४० लाख ६७ हजार टन धान्य, वर्षाला जवळपास ४ कोटी ८८ लाख टन. झाकलेल्या डब्यांची एक मालगाडी साधारण २,६०० टन धान्य नेते. हे सारे धान्य रेल्वेनेच न्यायचे ठरवले तर दर अठ्ठावीस मिनिटांनी एक भरलेली मालगाडी सुटली पाहिजे, रात्रंदिवस, वर्षाचे ३६५ दिवस. जगाच्या पाठीवर सरकारने चालवलेली याहून मोठी अन्नवाटपाची व्यवस्था नाही.

आता बुलढाणा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती, तेरा तालुक्यांत मिळून, आणि दर पाच माणसांतली जवळजवळ चार खेड्यांत राहणारी. महाराष्ट्राला कायद्याने ठरवून दिलेले प्रमाण असे: ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के माणसे आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के. हेच प्रमाण बुलढाण्याला जसेच्या तसे लावले तर सुमारे १८ लाख माणसे होतात. म्हणजे महिन्याला ९,००० टन, पन्नास किलोची १ लाख ८० हजार पोती, साडेतीन मालगाड्या. पोते अन्न महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या गोदामात येते, तिथून द्वारपोच योजनेच्या ट्रकमधून दुकानात. जळगाव जामोदच्या सातपुड्याकडल्या पाड्यापासून सिंदखेड राजाच्या टोकापर्यंत ही पोती पोचतात. ज्यांनी १९७२ पाहिले आहे, मिलोची लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली आहे, त्यांना या पोचण्याचे मोल सांगावे लागत नाही.

आता याच आकड्याचा भागाकार. पाच किलो भागिले तीस म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. गहू असेल तर चार-पाच पोळ्या, तांदूळ असेल तर वाटीभराहून थोडा जास्त. हे सगळ्या दिवसाचे, दोन्ही वेळचे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर एक आणा ठरवला. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. एवढ्यावर अंगमेहनत करणारा माणूस जगत नाही असे मद्रासच्या आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश तेव्हा सांगत होते आणि इतिहासाने त्यांना बरोबर ठरवले. आपले १६७ ग्रॅम पूर्ण आहार म्हणून दिलेले नाहीत, ते पूरक आहेत, बाकीचे माणसाने कमवून खावे असे त्यात धरलेले आहे. हे मान्य. पण कोरडवाहू गावात तूर-हरभरा निघून गेला आणि पेरणीला अजून दीड-दोन महिने आहेत अशा दिवसांत कमवायचे कुठून, याचे उत्तर त्या हिशेबात नाही.

पैशांचेही तसेच करून पाहू. मोफत धान्याचा पाच वर्षांचा खर्च केंद्राने ११ लाख ८० हजार कोटी रुपये सांगितला. १,१८,००,००,००,००,००० असा तो आकड्यात लिहायचा. वर्षाला २ लाख ३६ हजार कोटी. ८१ कोटी ३५ लाखांनी भागले की माणसी वर्षाला २,९०० रुपये, महिन्याला सुमारे २४२, दिवसाला आठ. बुलढाण्याच्या वाट्याला, वरचा १८ लाखांचा अंदाज धरला तर, वर्षाला पाचशे कोटींच्या पुढे. ‘रेवडी’ म्हणून ज्या खर्चावर शहरातल्या चर्चांत तोंडसुख घेतले जाते, तो माणसी दिवसाला आठ रुपये आहे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. लाख कोटी हा शब्द ऐकला की माणूस घाबरतो आणि त्याला ते पैसे आपल्या खिशातून गेल्यासारखे वाटतात. आठ रुपये ऐकल्यावर तो गप्प होतो. दोन्ही आकडे एकच आहेत.

एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एखादी बारीकशी गोष्ट बिघडली तर काय होते, हे शेगाव तालुक्याने डिसेंबर २०२४ मध्ये पाहिले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुले, कॉलेजातल्या मुली, सत्तरी ओलांडलेले म्हातारे, सगळेच त्यात होते. जानेवारीपर्यंत अठरा गावांत २७९ रुग्ण मोजले गेले. मुलींनी कॉलेज सोडले, ठरत आलेली लग्ने थांबली, बाहेरगावचे लोक या गावांत यायला कचरू लागले. आधी संशय पाण्यावर गेला आणि तसा तो जाणे साहजिकच होते. शेगाव, संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोद हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट आहे आणि मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे जातात हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आरोग्य खाते आले, आयसीएमआरचे पथक आले, रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने गेले.

याच वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत पोचले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगाला माहीत असलेले हे डॉक्टर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांनी स्वतःचे पैसे घालून तपासण्या करून घेतल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला: रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढलेले आहे, जस्ताचे प्रमाण खूप घटलेले आहे, आणि सेलेनियम आले आहे ते गव्हातून, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हातून. गव्हात साधारण १.९ मिलिग्रॅम प्रतिकिलो असायचे तिथे त्यांच्या नमुन्यात १४.५२ मिलिग्रॅम निघाले. धुऊन पाहिले तरी ते जेमतेम एका मिलिग्रॅमने उतरले, म्हणजे ते दाण्याच्या आतच होते. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूर आणि नवांशहर भागात, डोंगरातून वाहून आलेल्या गाळामुळे काही शेतांत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलेले आहे.

१४.५२ मिलिग्रॅम म्हणजे किती? पन्नास किलोच्या अख्ख्या पोत्यात पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. पोते उपसून जमिनीवर पसरले तरी डोळ्यांना दिसायचे नाही, नाकाला कळायचे नाही. २,६०० टनांची पूर्ण मालगाडी या गव्हाने भरली तर तिच्यात सेलेनियम भरेल ३८ किलो. पण मोठ्या माणसाला दिवसाला सेलेनियम लागते ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, आणि ४०० च्या वर जाऊ नये असे आहारशास्त्र सांगते. त्या गव्हाचे रोज शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे तीन पोळ्या, खाल्ल्या तर पोटात १,४५२ मायक्रोग्रॅम जाते. सुरक्षित मर्यादेच्या साडेतीन पट. आणि ज्याच्या ताटात फक्त पोळी आणि मीठ-तिखट आहे, तो तीनवर थांबत नाही. ज्याच्या ताटात भाजी, डाळ, दूध, अंडे आहे त्याच्या पोटात हाच गहू कमी जातो. एकाच पोत्यातला गहू दोन घरांत वेगवेगळा वागतो, याचे कारण रसायनशास्त्रात नाही, स्वयंपाकघरात आहे.

वर्षाचे ४ कोटी ८८ लाख टन धान्य मायक्रोग्रॅममध्ये लिहायचे ठरवले तर ४८८ वर सतरा शून्ये द्यावी लागतील. अन्न सुरक्षा नावाच्या गोष्टीचे हे दोन काठ आहेत. टनांचा हिशेब ठेवायला गोदामे, वजनकाटे, ई-पॉस, ऑनलाइन साठा नोंदी हे सगळे उभे केले आहे. मायक्रोग्रॅमचा हिशेब ठेवायला गावात कोणी नाही. पुरवठा निरीक्षक दाण्याला कीड लागली का, ओल आहे का, माती-खडा किती आहे ते पाहतो. त्याच्या हातात याहून काही दिलेलेच नाही. पूर्वी आपल्या शिवारातली ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या पोटात आपल्याच मातीतले जे काय कमी-जास्त असेल ते जायचे, शेजारच्या गावाचे वेगळे, त्याच्या पलीकडचे वेगळे. आता अठरा गावांत एकाच वेळी तेच पोते उघडले जाते. डॉ. बावस्करांचा निष्कर्ष धरला तर म्हणूनच २७९ माणसे एकदमच आजारी पडली. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात नखे गळायच्या तक्रारी आल्या, सेलेनियमच्या बाधेचे हे दुसरे ठाऊक असलेले लक्षण.

जिल्ह्याच्या १८ लाख लाभार्थ्यांत २७९ म्हणजे ०.०१५ टक्के. मंत्रालयातल्या तक्त्यात हा आकडा पूर्णांकात लिहिला तर शून्य येतो.

याच धान्याची दुसरी एक गोष्ट आहे, कमी गाजलेली. अमरावती विभाग, त्यात बुलढाणा आला, तेव्हाचा औरंगाबाद विभाग आणि वर्धा असे चौदा जिल्हे सरकारने शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून वेगळे काढले होते. २०१५ पासून या जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या, म्हणजे अन्न सुरक्षा यादीत न बसलेल्या, कास्तकारांनाही माणसी पाच किलो धान्य मिळत होते: गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो. २०२२ मध्ये केंद्राने कायद्याबाहेरच्या योजनांना गहू-तांदूळ देणे थांबवले. मग राज्याने धान्याऐवजी रोख द्यायचे ठरवले. जानेवारी २०२३ पासून माणसी महिना १५० रुपये, घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात. जून २०२४ मध्ये ते १७० झाले. दिवसाला पाच रुपये सदुसष्ट पैसे. यादीत असलेल्या माणसावर सरकार महिन्याला २४२ खर्च करते आणि यादीच्या एक पाऊल बाहेर असलेल्या कास्तकाराला १७० देते. धान्याच्या पोत्याला भाववाढ लागत नाही. बाजारात गहू कितीही चढला तरी पाच किलो हे पाच किलोच राहतात. १७० रुपयांना मात्र ती प्रत्येक हंगामात लागते. एकदा धान्याचे पैसे झाले की ते पैसे वाढवायला दर वेळी कुणीतरी फाइल हलवावी लागते, आणि कास्तकाराच्या फाइलला पाय नसतात.

ही यादी ठरते उत्पन्नावरून, आणि इथे आकडे मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकतात. माणसी पाच किलो मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबां’त बसायचे तर खेड्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत हवे. पाच माणसांचे घर धरले तर माणसी दिवसाला २४ रुपये. संजय गांधी निराधार योजनेत तर मर्यादा आहे २१,००० रुपये, संपूर्ण कुटुंबाची, संपूर्ण वर्षाची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने खचलेली माणसे, यांच्यासाठी ही योजना. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा आहे अडीच लाख. म्हणजे बारापट. दोन्हीकडे महिन्याची रक्कम एकच, १,५००. जुलै २०२३ पर्यंत निराधारांना एक हजारच मिळत होते.

आता हे २१,००० रोजगार हमीच्या मजुरीशी ताडून पाहू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कायद्याने तेव्हा हमी होती १०० दिवसांची. सगळे दिवस काम मिळाले तर ३१,२०० रुपये होत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या, जागी नवा कायदा केला, त्यात १२५ दिवस आहेत. त्याच दराने ३९,०००. एखाद्या विधवेच्या मुलाने गावातल्या शेततळ्यावर, रस्त्यावर माती टाकायचे काम धरले, तर अडुसष्टाव्या दिवशी घराचे उत्पन्न २१,००० ओलांडते आणि आई कागदावर निराधार राहत नाही. एका खात्याने कायद्याने दिलेली हमी दुसऱ्या खात्याच्या कायदेशीर मदतीतून माणसाला बाहेर ढकलते. म्हणून तहसीलला जाऊन उत्पन्नाचा खरा दाखला काढणे म्हणजे स्वतःचा अर्ज स्वतः बाद करून घेणे होते. जी व्यवस्था गरिबाला पोट भरण्यासाठी खोटा आकडा लिहायला लावते आणि मग त्याच आकड्यावरून त्याला बोगस लाभार्थी म्हणते, तिने आधी आपला आकडा दुरुस्त करावा.

लाडक्या बहिणीच्या आकड्यांबद्दल खूप बोलले गेले आहे, त्यामुळे थोडक्यात. २०२४ च्या अखेरीस सुमारे २ कोटी ४० लाख बायकांच्या खात्यांत पैसे जात होते. महिन्याला ३,६०० कोटी. मेहकर आणि सिंदखेड राजावरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुमारे ५५ हजार कोटींचा. पंधरा-सोळा महिन्यांत तेवढी रक्कम या योजनेतून वाटली जाते. बाईला दिवसाला पन्नास रुपये. रस्ता असा एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला ठेवून निवाडा करणारे पुष्कळ भेटतात. मला तो प्रश्नच खोटा वाटतो. राज्याने रस्ता बांधावा आणि बाईच्या हातात पन्नास रुपयेही ठेवावेत. विचारायचे ते एवढेच की दिल्लीहून येणारी वृद्धांची पेन्शन २००७ पासून महिन्याला २०० रुपयांवर का थांबली आहे. ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्याला केंद्र आजही तेवढेच देते, दिवसाला सहा रुपये सदुसष्ट पैसे; उरलेले १,३०० राज्य घालते.

थांबलेला आणखी एक आकडा विदर्भाच्या पश्चिमेकडल्या सहा जिल्ह्यांना तोंडपाठ आहे: एक लाख. शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि चौकशीत प्रकरण ‘पात्र’ ठरले तर घरच्यांना एक लाख रुपये. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत, व्याजासाठी. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता की नव्हता, हे तपासून प्रकरणे ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘चौकशीसाठी प्रलंबित’ अशा तीन रकान्यांत पडतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांत २००१ पासून अशी वीस हजारांहून जास्त प्रकरणे सरकारदरबारी नोंदली गेली. एक लाखाची ही मदत २००६ साली ज्या रकमेला ठरली तिथेच आहे. त्या वर्षी पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला १,०२० रुपये होता. एक लाखात ९८ क्विंटल सोयाबीन येत होते. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. एक लाखात आज १९ क्विंटलही येत नाही. सरकारने स्वतःच्याच भावाने मोजले तरी मेलेल्या कास्तकाराच्या घराला दिलेली मदत एक पंचमांशावर आली आहे, आणि त्यासाठी कुणालाही कसलाही निर्णय घ्यावा लागला नाही. गप्प राहणे पुरले. योजना बंद करायची म्हटले तर मोर्चे निघतात. आकडा तसाच ठेवला तर योजना आपोआप आटते.

असे होणे हे महाराष्ट्राच्या रक्तात नाही, हे मी आग्रहाने म्हणतो, कारण या राज्याने याच्या उलटे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटी. दहातला एक माणूस सरकारी कामावर, खडी फोडत, बंडिंग करत. देशात दुसऱ्या कुठल्या राज्याने असे करून पाहिलेले नव्हते. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना रुजली, १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि पंचवीस वर्षांनी देशाने तोच विचार उचलला. या योजनेचा पैसा कुठून आला हे फार सुंदर आहे. १९७५ च्या कायद्याने शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि सरकारने तेवढीच भर घातली. नरिमन पॉइंटच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे लोणारच्या नाल्यावर माती टाकणाऱ्या बाईच्या हातात पोचत होते.

तो कर आजही कापला जातो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. आणि इथेही आकडा थांबलेला आहे: राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराची कमाल मर्यादा १९८८ पासून २,५०० रुपये बांधून ठेवली आहे. दहा-बारा हजार पगाराचा खामगावचा कामगार आणि महिन्याला पन्नास लाख घेणारा मुंबईचा कंपनी प्रमुख, दोघेही वर्षाला २,५०० भरतात. नितीन कुमार भारती, लुका शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीच्या ४०.१ टक्के होती आणि खालच्या पन्नास टक्क्यांकडे ६.४ टक्के. भागाकार करा: वरच्या टक्क्यातल्या सरासरी माणसाकडे खालच्या निम्म्यातल्या सरासरी माणसाच्या ३१३ पट. त्याच अभ्यासकांनी पुढे सुचवले की दहा कोटींहून जास्त संपत्तीवर वर्षाला दोन टक्के आणि तेवढ्याच मोठ्या वारशावर तेहतीस टक्के कर लावला तर जीडीपीच्या २.७३ टक्के रक्कम उभी राहते, आणि त्याची झळ लागते प्रौढांतल्या फक्त ०.०४ टक्के लोकांना. सगळ्या देशाचे मोफत धान्य जीडीपीच्या एक टक्क्यातही बसते. त्यामुळे ‘पैसा कुठून आणणार’ हा प्रश्न जो पन्नास रुपये घेणाऱ्या बाईला विचारतो, त्याने तो चुकीच्या दारावर विचारला आहे.

राहिला भाजक. वर ज्या-ज्या संख्येने मी भागले ती संख्या २०११ ची आहे. महाराष्ट्राला अन्न सुरक्षेसाठी ठरवून दिलेला आकडा ७ कोटी १७ हजार. तो त्या जनगणनेवर बांधलेला आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या तारखेची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बुलढाणा जिल्ह्यात ३,५३,७७८ माणसे वाढली, दिवसाला ९७. त्यानंतर पंधरा वर्षे झाली. त्या मोजणीनंतर जन्मलेले जे पोर आज नववीत आहे, ते राज्याच्या कोट्यात कधी मोजलेच गेलेले नाही. शाळेत पाचवीपर्यंत त्याच्या दुपारच्या जेवणाला १०० ग्रॅम तांदूळ होता. तेल-मीठ-डाळ-भाजी-इंधनाचा माणसी दर मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आहे. घरच्या कार्डावर त्याचे नाव घालायला आई तहसीलच्या पुरवठा शाखेत गेली की तिला तिथे एक शब्द ऐकू येतो, जो मुंबईत कुणाला माहीत नाही आणि बुलढाण्यातल्या प्रत्येक गरीब घराला माहीत आहे: इष्टांक. तालुक्याला वाटून दिलेली संख्या. ‘इष्टांक शिल्लक नाही’ म्हणजे यादी भरली आहे; कुणी मेले, कुणी गाव सोडून गेले, कुणाची केवायसी राहिली आणि नाव कापले गेले, तर जागा होईल. तिने अर्ज ठेवून जायचा. अर्ज नंबराला लागतो. नवी जनगणना होऊन तिचे आकडे बाहेर येतील, त्यावर केंद्र नवा कोटा ठरवील, राज्य तो जिल्ह्यांना वाटेल, जिल्हा तालुक्यांना, आणि तोवर ते पोर अठरा वर्षांचे होऊन सुरतेच्या किंवा पुण्याच्या एखाद्या बांधकामावर गेलेले असेल. हे सगळे होईपर्यंत थांबायचे कारण नाही: कायद्यात सांगितलेली टक्केवारी आजच्या अंदाजित लोकसंख्येला लावली तर इष्टांक उद्या सकाळी वाढवता येतो.